बंद उपकरणांचा अखंड वीजवापर

खोलीबाहेर पडताना दिवा व पंखा बंद करण्याची शिकवण आपल्या घरांना आणि शाळांना नवी नाही. मात्र गेल्या काही दशकांत घराघरांत असा एक वीजवापर शिरला आहे, जो या शिकवणीच्या कक्षेत अजून पुरेसा आलेला नाही. रिमोटचे बटण दाबताच दूरचित्रवाणी संचावरील चित्र मावळते. परंतु कोपऱ्यातील तांबडा ठिपका तेवत राहतो. उपकरण बंद भासते, प्रत्यक्षात ते पुढील आज्ञेची वाट पाहत वीज घेत असते. या अवस्थेला ‘स्टँडबाय’ म्हणजेच सज्जावस्था म्हणतात.

वीज कशासाठी लागते?

जुन्या पद्धतीचा दिवा किंवा पंखा बटण बंद होताच वीजपुरवठ्यापासून पूर्णपणे तुटतो. रिमोटवर चालणाऱ्या उपकरणाचे तसे नाही. रिमोटचा संकेत टिपणारा भाग सतत जागा ठेवावा लागतो. मायक्रोवेव्हवरील घड्याळ अहोरात्र चालते. सेट टॉप बॉक्समध्ये तर संदेश स्वीकारण्याचे बरेचसे काम पडदा बंद असतानाही चालू राहते. म्हणूनच सामान्य घरातील अशा वीजवापरात त्याचा वाटा पुष्कळदा सर्वांत मोठा असतो. याउलट मोबाइलचा आधुनिक चार्जर नुसता लावून ठेवल्यास फारच थोडी वीज घेतो. बचतीचा आरंभ कोठून करावा, हे यावरून स्पष्ट होते.

थेंबाथेंबाचा हिशेब

१,००० वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. केवळ १ वॉट वीज वर्षभर अखंड वापरली गेल्यास ८.७६ युनिटे होतात. उदाहरणादाखल एक घर घेऊ. तेथील सेट टॉप बॉक्स १० वॉट, दूरचित्रवाणी संच १ वॉट, आणि संगणक व छपाईयंत्र मिळून ६ वॉट वीज दररोज २० तास विनावापर घेतात, तर मायक्रोवेव्ह २.५ वॉट वीज जवळजवळ दिवसभर घेतो असे मानू. दिवसाकाठी हा खर्च सुमारे ०.४ युनिट, महिन्याला १२ युनिटे व वर्षाला १४६ युनिटे होतो. ९ वॉटचा एलईडी दिवा रोज ५ तास लावल्यास महिन्याला १.३५ युनिट लागते. म्हणजे जवळजवळ नऊ दिव्यांची वीज येथे कोणाच्याही उपयोगी न पडता जाते.

घरगुती विजेचा दर वापराबरोबर टप्प्याटप्प्याने वाढतो. शंभर युनिटांच्या सीमेवर असलेल्या कुटुंबाला ही १२ युनिटे वरच्या टप्प्यात नेऊ शकतात. अशी एक लाख घरे धरली तर वर्षाची उधळपट्टी १ कोटी ४६ लाख युनिटांवर जाते. आपली बरीचशी वीज आजही कोळशापासून निर्माण होते, आणि वहनात काही वीज वाया जात असल्याने घरी वाचविलेल्या एका युनिटामागे वीजकेंद्रात एका युनिटाहून अधिक वीजनिर्मिती वाचते.

शासकीय पातळीवरील प्रयत्न

या प्रश्नाकडे जगाचे लक्ष १९९० नंतरच्या दशकात वेधले गेले. सज्जावस्थेतील वापर १ वॉटच्या आत आणण्याची मोहीम आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये हाती घेतली. युरोपीय संघाने २००८ मध्ये नियम करून २०१० पासून १ ते २ वॉटची, तर २०१३ पासून त्याच्या निम्मी मर्यादा अनेक उपकरणांना घातली. भारतात ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली व २००६ मध्ये उपकरणांच्या तारांकनास प्रारंभ झाला. साठवणुकीच्या गीझरचे तारांकन तर तापलेले पाणी नुसते ठेवल्याने किती वीज वाया जाते यावरच आधारलेले आहे. महाराष्ट्रात या अधिनियमाची अंमलबजावणी ‘महाऊर्जा’ या संस्थेकडे आहे.

घरच्या घरी मोजणी

हा खर्च मोजण्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटास तो किती वेळा लुकलुकतो हे मीटरवर छापलेले असते. दिवे, पंखे व फ्रिज दहा मिनिटे बंद ठेवावेत. रिमोटची उपकरणे नेहमीप्रमाणे सज्जावस्थेत असू द्यावीत आणि लुकलुक मोजावी. मीटरवर ३,२०० हा आकडा असेल व दहा मिनिटांत १६ वेळा लुकलुक झाली, तर ३० वॉट वीज सतत जात आहे, असे समजावे. वर्षाला ती सुमारे २६३ युनिटे होतात. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना गणित व विज्ञान या दोन्ही विषयांसाठी हा उत्तम प्रकल्प ठरेल.

उपाय सोपे आहेत

आपल्याकडे बहुतेक प्रत्येक सॉकेटला स्वतंत्र बटण असते. अनेक देशांत ही सोय नाही. रिमोटने उपकरण बंद केल्यावर भिंतीवरील बटणही बंद करावे. दूरचित्रवाणी संच व सेट टॉप बॉक्स एकाच बटणाच्या विस्तारफळीवर जोडल्यास काम अधिक सुलभ होते. संगणक व छपाईयंत्र आधी त्यांच्या पद्धतीने बंद करून मगच भिंतीवरील बटण बंद करावे. फ्रिज, लसी वा औषधे ठेवण्याचे शीतपात्र, वैद्यकीय उपकरणे आणि इन्व्हर्टर यांना मात्र हा नियम लावू नये.

शाळा व ग्रामपंचायत कार्यालये येथे हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. दहा संगणकांच्या खोलीत प्रत्येकी ३ वॉट वीज जात राहिली, तर चाळीस दिवसांच्या सुटीत कोणी पाऊलही न टाकता सुमारे २९ युनिटांचे बिल होते. वीजबिल थकून जोडणी तुटली की संगणक, पाणी आणि पंखे एकदमच थांबतात, आणि त्याची झळ मुलांना बसते. म्हणून संगणक कक्षाचे मुख्य बटण रोज सायंकाळी व सुटीपूर्वी बंद करण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर नेमून द्यावी, मासिक युनिटांचा आकडा फलकावर लावावा आणि नवी खरेदी करताना सज्जावस्थेतील वापराची विचारणा करावी.

दरवर्षी १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशीच्या ग्रामसभेत किंवा शाळेत गावातील काही घरांची मीटर-मोजणी मांडली, तर विजेच्या बचतीचा अर्थ प्रत्येकास आपल्याच घरच्या आकड्यांतून उमगेल.