गाळणीतून नाव कुठे सुटलं?

गटाची वही आपण हातानं लिहितो, पण कर्जाची यादी आता बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरवर, एक्सेलमध्ये ठेवतो. त्यात ‘फिल्टर’ असतं, म्हणजे आपली गाळणीच. ‘शेळीपालन’ निवडलं, की शेळ्यांसाठी कर्ज घेतलेल्या ताईंचीच नावं दिसायला हवीत. पण कधी वहीत ११ नावं असतात आणि पडद्यावर ८ च दिसतात. अशी यादी पुढे गेली, तर ज्या ताईनं वेळेवर हप्ता भरला तीच थकबाकीदार ठरू शकते. म्हणून गाळणी का चुकते, ते आज समजून घेऊ.

पहिली गोष्ट, गाळणीला अर्थ कळत नाही, ती फक्त अक्षरं जुळवते. ‘शेळीपालन’, ‘शेळी पालन’ आणि ‘शेळीपालण’ हे आपल्याला एकच, पण तिला तीन वेगळे धंदे. शीर्षकावरच्या बाणावर क्लिक केलं, की आतली यादी उघडते. तिथे सारखे दिसणारे शब्द दोन-तीनदा आले, तर चोर सापडला. कंट्रोल आणि एच दाबून चुकीचा शब्द शोधा आणि त्या जागी योग्य शब्द घाला.

दुसरं कारण डोळ्यांना दिसतच नाही. शब्दाच्या आधी किंवा नंतर स्पेसचं बटण दाबलं गेलेलं असतं. शंका आली, तर शेजारच्या मोकळ्या चौकोनात बरोबरचं चिन्ह, एल-ई-एन आणि कंसात त्या चौकोनाचा पत्ता लिहा. कॉम्प्युटर काना-मात्राही वेगळे मोजतो, म्हणून ‘शेळीपालन’ची मोजणी ८ येते. ९ आली, तर काहीतरी जास्तीचं आहे. मग एल-ई-एनऐवजी टी-आर-आय-एम लिहा, जास्तीच्या जागा निघून जातात. आलेलं उत्तर कॉपी करून मूळ जागी ‘पेस्ट व्हॅल्यूज’नं चिकटवा.

तिसरी अडचण खास आपल्या मराठीची. ‘गुऱ्हाळ’मधला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. दिसायला दोन्ही सारखे, पण आतून वेगळे. अशा वेळी शब्द एकदाच नीट लिहून सगळीकडे तोच कॉपी करावा.

चौथं, यादी सुबक दिसावी म्हणून आपण १० ओळींचे चौकोन एकत्र करून मध्ये एकदाच गावाचं नाव लिहितो. कॉम्प्युटरच्या लेखी ते नाव फक्त पहिल्या ओळीत असतं, बाकीच्या ९ रिकाम्या. त्यामुळे गाव निवडलं की एकच ताई दिसते. चौकोन सुटे करा आणि प्रत्येक ओळीत गावाचं नाव लिहा.

पाचवं, यादीच्या मध्ये एखादी ओळ पूर्ण रिकामी राहिली, तर गाळणी तिथेच थांबू शकते. रिकामी ओळ काढा, गाळणी बंद करा, शीर्षकापासून शेवटच्या नावापर्यंत सगळी यादी निवडा आणि पुन्हा लावा. नवीन नोंदी टाकल्यावरही गाळणी पुन्हा लावावी लागते.

मैत्रिणींनो, एक सांभाळा. नाव दिसत नाही म्हणजे ते पुसलं गेलं असं नाही. घाईनं नवीन ओळ टाकली, तर एकाच ताईच्या नावावर कर्ज दोनदा चढेल. आधी गाळणी काढून पूर्ण यादी बघा.

पुढे त्रास नको असेल, तर प्रत्येक सभासदाला क्रमांक द्या. नाव चार तऱ्हांनी लिहिलं जाईल, क्रमांक नाही. कर्जाचं कारण हातानं न लिहिता ‘डेटा व्हॅलिडेशन’मधून ठरावीक यादी लावा, म्हणजे त्यातूनच निवडायचं. आणि यादी बाहेर देण्याआधी मासिक बैठकीत ती मोठ्यानं वाचा. वहीतली नावं आणि पडद्यावरची नावं मोजा. आकडा जुळला, की मगच सही करा.