अवचित भरणारी धडकी : तिची ओळख व ती शमविण्याचा मार्ग

पिकांवरील कीड व रोग यांचीं लक्षणें आणि उपाय यांविषयीं या मासिकांतून वरचेवर माहिती येत असते, व ती आपण सर्वजण आवडीनें वाचतों. परंतु पिकाच्या धन्यास जडणारा एक विकार असा आहे कीं, त्याविषयीं आपण बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्याशींही चकार शब्द काढीत नाहीं. समोर कांहीं कारण नसतां एकाएकीं छातींत धडधड सुरू होते, दम कोंडतो, हातापायांस कापरें भरतें, आणि आतां आपला अंत आला अशी खात्री पटते. डॉक्टर लोक यास 'पॅनिक अटॅक' म्हणतात. मी या लेखांत त्यास नुसती 'धडकी' म्हणेन. मी वैद्य नव्हे. उमेदीचीं सर्व वर्षें महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेलीं. तथापि हा विकार मीं स्वतः भोगला असून त्यापायीं एका सालचा मोसंबीचा बहार घालविला आहे. तेवढ्या अधिकारावर हे चार शब्द लिहीत आहें.

वाटूर येथें आमची वडिलोपार्जित जमीन असून तींत मोसंबीचीं दोनशें झाडें आहेत. २०२२ सालीं मुदतीपूर्वीं सेवानिवृत्ति घेऊन मी शेतीकडे आलों. डिसेंबरांत आंबे बहारासाठीं बाग ताणावर सोडलेली होती. एके दिवशीं दुपारीं भाकरी खाऊन विहिरीजवळच्या लिंबाखालीं बसलों होतों. ना कोणाशीं तंटा, ना बँकेचा तगादा, आभाळही निरभ्र. अशा वेळीं छातींत एकदम ठोका चुकल्यासारखें झालें, आणि पाठोपाठ काळीज असें उडूं लागलें कीं, त्याचा आवाज माझा मला कानांत ऐकूं येऊं लागला. श्वास पुरेना, घसा आवळल्यासारखा वाटला, ओठांस व बोटांच्या टोकांस मुंग्या आल्या, सभोंवतालचीं झाडें खरीं नसून चित्रांतलीं आहेत असा भास झाला. थंडीच्या दिवसांत सदरा घामानें भिजला. मीं मोठ्यानें हांक मारली, तेव्हां शेजारचे लोक धांवले व त्यांनीं जीपमध्यें घालून मला जालन्यास नेलें. दवाखाना येईपर्यंत सर्व कांहीं शांत झालें होतें. हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलें, दोन्ही निर्दोष. तेथील डॉक्टर हंसून म्हणाले, "काका, तुम्हांला कांहीं झालेलें नाहीं. टेन्शन घेऊं नका."

या उत्तरानें माझें समाधान झालें असेल असें वाचकांस वाटेल. पण गोष्ट उलट झाली. ज्या घटकेस मीं मरण डोळ्यांपुढें पाहिलें ती घटका 'कांहीं नाहीं' कशी असेल? एक तर रोग यांस सांपडला नाहीं, नाहीं तर मला वेड लागत चाललें आहे, असे दोनच तर्क मनांत राहिले. आठ दिवसांनीं एस्. टी. मध्यें दुसरी धडकी आली, आणि तिसरी रात्रीं विहिरीवर. तेव्हांपासून मी एकटा विहिरीकडे जाईनासा झालों. मुलगा पुण्यास नोकरीवर, सालगडी दिवाळींतच काम सोडून गेलेला. जानेवारींत ताण तोडण्याची वेळ आली त्या आठवड्यांत पंपाची वीज रात्रपाळीस होती, आणि माझें पाऊल अंगणाच्या पुढें पडेना. आंबवणी पंधरा दिवस लांबली. चिंबवणीचें तर बोलावयासच नको. ताण फाजील झाल्यानें पानें गळालीं व मागाहून आलेला फुलोराही टिकला नाहीं. घरीं मीं मोटार जळाल्याचें खोटेंच सांगितलें. मोटार धडधाकट होती हें माझ्या कुटुंबास ठाऊक होतें, आणि तिला तें ठाऊक आहे हें मलाही ठाऊक होतें.

उन्हाळ्यांत तिनेंच आग्रह धरून मला एका सरकारी रुग्णालयांतील मनोविकारांच्या डॉक्टरीण बाईंकडे नेलें. वेड्यांच्या डॉक्टरकडे आपलें काय काम, म्हणून मी वाटेंत दोनदां परत फिरण्याच्या गोष्टी बोललों. बाईंनीं सर्व हकीकत ऐकून घेतली व पहिलाच प्रश्न केला, "तुमच्या पंपाला ऑटो आहे का?" आहे म्हणून मीं सांगितलें. त्या म्हणाल्या, "मग तुम्हांला समजावून देणें सोपें आहे."

त्यांनीं सांगितलेलें मर्म असें. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. संकट समोर दिसतांच मेंदूच्या इशाऱ्यासरशीं त्यांतून अॅड्रिनलीन नांवाचें द्रव्य रक्तांत सुटतें. त्यानें हृदय जलद चालतें, श्वास वाढतो, रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धांवतें, अंगास घाम सुटतो. लढावें किंवा पळावें यासाठीं शरीरानें केलेली ही तयारी होय. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाचे वॉल्टर कॅनन यांनीं १९१५ सालच्या आपल्या ग्रंथांत तिचें विवरण केलें आहे. माजलेला सांड अंगावर आला असतां हीच यंत्रणा आपला प्राण वाचविते. परंतु ऑटोचा स्वभाव आपणांस ठाऊक आहे. वीज आली कीं तो पंप सुरू करतो. विहिरींत पाणी आहे कीं नाहीं, धनी जवळ आहे कीं नाहीं, हें तो पाहत नाहीं. धडकींत तसेंच होतें. संकट नसतां कळ दाबली जाते. पण पंप मात्र खरोखरच चालतो. म्हणूनच 'कांहीं झालेलें नाहीं' हें म्हणणें चुकीचें. झालेलें असतें; मात्र त्यानें मरण येत नाहीं.

येथें एक गोष्ट ओघानें सांगावीशी वाटते. आमच्याच जिल्ह्यांतील देहेड या गांवीं जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं कोंकणांत महाडकडे तांबड्या विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हें औषध उपयोगांत आणून असंख्य प्राण वाचविले. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्या विंचवाचें विष याच जातीच्या द्रव्यांचा शरीरांत महापूर आणतें. तो पूर तासन् तास टिकतो व हृदयास इजा करतो, म्हणून तेथें औषधावांचून गत्यंतर नाहीं. धडकींतील उसळी त्या मानानें ओढ्याचा लोंढा होय. सुटलेलें द्रव्य शरीर थोड्या मिनिटांतच जिरवून टाकतें. जोर दहा मिनिटांच्या आंतबाहेर शिगेस पोहोंचतो आणि मग उतार लागतो.

मग ती वाढते कशानें? दोन गोष्टींनीं. पहिली श्वासाची. दम पुरत नाहीं असें वाटून आपण भराभर श्वास घेतों, त्यामुळें रक्तांतील कार्बन डाय-ऑक्साइड वायु प्रमाणाबाहेर कमी होतो. मुंग्या, चक्कर, बोटें वांकडीं होणें हीं त्याचींच लक्षणें. म्हणजे हवा कमी पडत नसून जास्त झालेली असते. दुसरी गोष्ट मनाची. ठोके वाढले कीं 'हृदय बंद पडणार' असा अर्थ आपण लावतों. त्या अर्थानें भय वाढतें. भयानें ठोके आणखी वाढतात. हा रहाट एकदां फिरूं लागला म्हणजे थांबत नाहीं. विलायतेंतील डेव्हिड क्लार्क यांनीं १९८६ सालीं हेंच दाखवून दिलें, व उपचाराची दिशा त्यावरून बदलली.

हा भित्र्या मनुष्याचा रोग आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं गीतेचा पहिला अध्याय पुन्हां पाहावा. तोंडास कोरड, अंगास कापरें, अंगावर कांटा, त्वचेचा दाह, हातांतून निसटणारें धनुष्य, भ्रमणारें मन व उभें राहण्याची अशक्तता, इतकीं लक्षणें अर्जुन स्वतःच्या तोंडानें सांगतो; आणि अर्जुनास कोणी भित्रा म्हणत नाहीं. अमेरिकेंतील यादवी युद्धांत लढलेल्या कित्येक शिपायांस अशीच धडधड होत असे, व हृदयांत तर दोष सांपडत नसे, डॉ. डा कोस्टा यांनीं १८७१ सालीं त्यांची हकीकत छापली. या विकाराचें आजचें नांव मात्र १९८० मध्यें वैद्यकाच्या यादींत चढलें.

माझ्या ऑटोची कळ इतकी हलकी कां झाली, याचाही बाईंनीं शोध केला. २०१२-१३ च्या दुष्काळांत आमच्या जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा वाळल्या, त्यांत आमचीही गेली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांत गारपीट झाली. नव्यानें लावलेली झाडें हातीं येतात तों ११ फेब्रुवारी २०१८ रोजीं पुन्हां गारा पडल्या. त्या वेळीं मी कचेरींत लोकांच्या नुकसानीच्या याद्या रात्र रात्र जागून करीत होतों. स्वतःच्या बांधावर जाण्यास सवड मिळाली ती नवव्या दिवशीं. भरीला दिवसाचे दहा-बारा पेले चहा व तंबाखू. बाईंनीं चहा दोन पेल्यांवर आणला, तंबाखू सोडावयास लावली, आणि कांहीं महिने घेण्यास गोळी दिली. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालींच घ्यावी व त्यांस विचारल्यावांचून बंद करूं नये. दुकानांतून परभारें आणलेल्या झोपेच्या गोळीची संवय लागते. तिच्या वाटेस जाऊं नये.

परंतु मला खरा गुण आला तो एका वहीनें. बाईंनीं प्रत्येक धडकीची नोंद ठेवावयास सांगितली, आणि नोंदी ठेवणें हा तर आमचा पिढीजात धंदा. मीं रकाने आंखले : तारीख, जागा, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, त्या वेळीं मनांत आलेली भीति, व प्रत्यक्ष घडलेली गोष्ट. अकरा नोंदी झाल्यावर एका रात्रीं बेरीज-वजाबाकी केली. एकही धडकी अर्ध्या तासापलीकडे गेलेली नव्हती. पांचव्या रकान्यांत अकरा वेळां 'मरण' लिहिलें होतें व सहाव्यांत अकरा वेळां 'कांहीं नाहीं'. डॉक्टरांनीं उच्चारलेले तेच दोन शब्द. पण आतां ते माझ्या हस्ताक्षरांत होते.

धडकी आली असतां मी काय करतों तें सांगतों. असेन तेथेंच बसतों. पळत घराकडे निघत नाहीं. पाय जमिनीस टेकवून मनाशीं म्हणतों, 'ऑटोनें पंप सुरू केला आहे, चालूं दे.' तिला दडपण्याचा यत्न केला कीं ती उसळते. पावसाची सर झाडाखालीं उभे राहून जाऊं द्यावी तशी जाऊं द्यावी. नाकानें चार अंक मोजीत श्वास आंत घेतों आणि सहा-सात अंक मोजीत हळूं हळूं बाहेर सोडतों. हालावें तें पोट, छाती नव्हे. बाहेर सोडणें लांब असावें, हीच यांतील किल्ली. प्राणायाम येतो म्हणून कोणी या वेळीं भस्त्रिका करूं नये. भराभर श्वासानेंच तर हें वाढलेलें असतें. तोंडास कागदी पिशवी लावण्याचा जुना सल्लाही आतां डॉक्टर देत नाहींत. श्वास बसूं लागला म्हणजे डोळे उघडे ठेवून समोरच्या ओळींतील झाडें मोजतों, कोणत्या झाडास डिंक्या आहे तें पाहतों. मग घड्याळ पाहून वही काढतों.

याहून कठीण काम पुढचें, तें म्हणजे सोडलेली जागा परत घेणें. ज्या ठिकाणीं धडकी आली तें ठिकाण टाळलें कीं, तेथें खरोखरच संकट आहे असें मेंदू धरून चालतो, व भीतीचें क्षेत्र वाढत जातें. अतिक्रमणाची दखल वेळीं न घेतल्यास होतें तसेंच हें. मी पहिल्या आठवड्यांत बांधापर्यंत, दुसऱ्यांत अर्ध्या बागेपर्यंत, मग दिवसा विहिरीपर्यंत व शेवटीं रात्रीं एकटा गेलों. धडकी आली तरी ती उतरेपर्यंत तेथून हाललों नाहीं. या कामांत दोन महिने गेले, आणि लाजही पुष्कळ वाटली.

आतां सावधगिरीच्या गोष्टी. वरील सर्व मजकूर हृदयाची तपासणी झालेल्या मनुष्यासाठीं आहे. पहिल्याच खेपेस छातींत कळ आली, ती डाव्या हातांत, जबड्यांत किंवा पाठींत गेली, श्रम करतांना आली, अथवा वय चाळीसाच्या पुढें असून मधुमेह वा रक्तदाब असेल, तर झाडें मोजीत बसूं नये. १०८ क्रमांकास फोन करून रुग्णालय गांठावें. तेथें आलेख निर्दोष निघाला तर गेलेला पैसा वायां गेला असें मानूं नये. फवारणीनंतर घाम, लाळ, उलटी, अंधुक दिसणें अशीं लक्षणें झाल्यास तें विष समजावें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें कित्येक शेतकरी व मजूर दगावले. थायरॉइडचा विकार, मधुमेह्याची साखर उतरणें, अंगांत रक्त कमी असणें यांचेंही सोंग धडकीसारखें असतें.

घरच्या मंडळींनीं गर्दी करूं नये, जोडा हुंगवूं नये, आणि अंगाऱ्या-धुपाऱ्यांत वेळ दवडूं नये. एकानें शेजारीं बसून आपला श्वास संथ ठेवावा, तेवढें पुरतें. धडकी ही वारंवार येऊं लागली, झोप उडाली, किंवा जिवाचें बरें-वाईट करावें असा विचार मनांत डोकावला, तर १४४१६ या क्रमांकावर बोलावें. टेलिमानस नांवाची ही सरकारी सोय १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली असून ती विनामूल्य आहे व मराठींत बोलतां येतें. अशा घरांत फवारणीचें औषध ठेवूं नये. शेजाऱ्याच्या कुलुपांत ठेवावें.

माझ्या वहींत पुढेंही नोंदी होत राहिल्या, पण विरळ. त्यांतील एक २०२४ च्या जानेवारींतली आहे. जागा : विहीर. वेळ : रात्रीं साडेअकरा, आंबवणी चालू. अवधि : एकवीस मिनिटें. शेरा : पाणी तोडलें नाहीं.