शस्त्रधाऱ्याची मर्यादा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गैरसमज १: सभ्यता शूर सरदारांच्या रक्तातच असते.

वस्तुस्थिती अशी, की ती त्यांच्यावर लादावी लागली. दहाव्या शतकातले युरोपचे घोडेस्वार आधी गावोगावचे लुटारू होते. म्हणून ९८९ मध्ये फ्रान्समधील शारू येथे बिशपांची परिषद भरली. चर्च लुटणारे, गरिबांची गुरे हाकून नेणारे आणि निःशस्त्र पाद्र्यावर हात टाकणारे यांना धर्मबहिष्कृत करण्याचा ठराव तिथे झाला. पुढे ठरावीक दिवशी लढाईच करू नये, असेही नियम आले आणि नाइटच्या दीक्षेत तलवारीला आशीर्वाद देण्याचा विधी रुजला. युरोपीय शिष्टाचारात ख्रिस्ती धर्मसंस्थेचा वाटा खरा आणि मोठा आहे.

गैरसमज २: ही मर्यादा आपल्याकडे युरोपातूनच आली, शिवकाळात तिला, कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला शिवाजी महाराजांनी सन्मानाने परत पाठवल्याच्या कथेपलीकडे, पुरावा नाही.

निःशस्त्रावर वार करू नये हा दंडक महाभारताच्या भीष्मपर्वातही आहे. शिवकाळाविषयी म्हणाल, तर त्या लोकप्रिय कथेपेक्षा भक्कम आधार कागदपत्रांत सापडतो. महाराजांच्या १६४६ च्या पत्रानुसार रांझे गावच्या पाटलाने बदअमल, म्हणजे गैरवर्तन केले, म्हणून त्याचे हातपाय तोडून वतन जप्त करण्यात आले. तेव्हा मुंबई इंग्रजांकडे आलेलीही नव्हती. चौलला पोर्तुगीज होते हे खरे. पण या कागदांत दाखला रयतेच्या हिताचा आहे, ख्रिस्ती शपथेचा नाही. चिपळूणजवळच्या छावणीला गेलेल्या महाराजांच्या पत्रात दाणा, लाकूड, वैरण बाजारातून विकत आणा, कुणब्याला उपद्रव देऊ नका, अशी सक्त ताकीद आहे. राजधानी रायगडाला लागून असलेल्या माणगाव परिसरात, मानगड आणि कुर्डूगडाच्या पायथ्याच्या गावांत, फौजेची ये-जा नित्याची असणार. अशा गावांसाठी त्या ताकिदीचा अर्थ घरातला दाणा शाबूत राहणे हाच होता.

सर्वांत बोलकी साक्ष विरोधकाची आहे. शिवाजी महाराजांना शिव्या देणारा मोगल इतिहासकार खाफीखान लिहितो, की मशीद, कुराण आणि स्त्रिया यांना धक्का न लावण्याचा त्यांचा नियम होता. पकडलेल्या स्त्रियांवर, त्यांचे नातेवाईक खंडणी देऊन सोडवून नेईपर्यंत, पहारा असे. खंडणीचा उल्लेख लपवू नये. युरोपचे नाइटही कैद्यांच्या सुटकेसाठी पैसे घेत.

आक्षेप येईल, की नियम होते तर १०९९ मध्ये जेरुसलेमला क्रुसेडरांनी कत्तल कशी केली? सुरतेत महाराजांच्या फौजेकडून सक्तीची वसुली कशी झाली? नियम असला म्हणजे तो नेहमी पाळला गेला, असे नव्हे. पण नियम होता म्हणूनच त्या कृत्यांना आपण आज उल्लंघन म्हणू शकतो, आणि रांझ्याच्या पाटलाला त्याची सत्ता वाचवू शकली नाही. सभ्यता कोणत्याही एका धर्माची वा खंडाची मिरास नाही. बलवानाला जाब विचारणारी व्यवस्था जिथे उभी राहते, तिथे ती टिकते.