संगणक मुका का होतो?

शाळेतील संगणकाचा आवाज एकाएकी बंद पडला म्हणजे आपली पहिली समजूत बहुधा अशी होते की, साउंड कार्ड जळाले. स्पीकरची वायर हलवून पाहिली जाते, संगणक दोनदा बंद-चालू केला जातो आणि अखेरीस सुट्टीच्या दिवशी तो जिल्ह्याच्या गावी नेण्याचे ठरते. प्रस्तुत लेखकाने हे सर्व केले आहे. अक्कलकोट तालुक्यातील आमच्या शाळेतून सोलापूरच्या नवी पेठेपर्यंत संगणकाचा डबा सोलापुरी चादरीत गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन, एकदा नव्हे तर दोनदा प्रवास झाला. दोन्ही वेळा कार्डात तिळमात्र बिघाड नव्हता. ते बिघडलेले नव्हते, गुंतलेले होते. या दोन अवस्था बाहेरून अगदी सारख्या दिसतात. त्या वेगळ्या कशा ओळखाव्यात, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आवाजासाठी एवढी धडपड कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्या वर्गातील अनेक मुलांच्या घरी कानडी बोलली जाते. मराठीतील 'ळ' त्यांना जड जात नाही, कारण तो त्यांच्या घरच्या भाषेतही आहे. अडचण येते ती 'च' आणि 'ज' यांची. 'चहा' मधील च आणि 'चाक' मधील च लिहिण्यात एकच, पण उच्चारात निराळे. हा भेद फळ्यावर लिहून दाखविता येत नाही. तो कानानेच शिकावा लागतो. म्हणून पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून मिळणारी कविता मुलांना प्रथम ऐकवावी, मग मुलाचे वाचन ध्वनिमुद्रित करावे आणि दोन्ही लागोपाठ ऐकवावीत, असा परिपाठ आम्ही ठेवला. (पाठ्यपुस्तकांना असे कोड जोडण्याच्या कामी आपल्याच जिल्ह्यातील परितेवाडी शाळेचे रणजितसिंह डिसले यांनी पुढाकार घेतला आणि २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळाले, हे वाचकांस ठाऊक आहेच.) या परिपाठात ब्राउझर आणि ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम असे दोन प्रोग्रॅम एकाच वेळी उघडे असतात आणि दोघांनाही तेच एक साउंड कार्ड हवे असते. घोटाळ्याचे मूळ येथेच आहे.

घडले ते असे. रोज सकाळी मी ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम आधी उघडून ठेवीत असे. त्यानंतर ब्राउझरमधील कविता लावली की चित्र हले, ओठ हलत, आवाज मात्र नाही. संगणक बंद करून पुन्हा चालू केला तरी तेच. कारण चालू केल्यावर मी पुन्हा सवयीने तोच प्रोग्रॅम आधी उघडीत होतो. नवी पेठेतील कारागिराने डबा उघडला, धूळ झटकली, आपला स्पीकर जोडला आणि एक गाणे लावले. गाणे खणखणीत वाजले. "गुरुजी, हा तर चांगला बोलतोय," तो म्हणाला. त्याचे काय चुकले? ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम त्याने उघडलाच नव्हता. मी समाधानाने घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा मौन!

दुसऱ्या खेपेस एक यूएसबी साउंड कार्ड, म्हणजे लोक ज्यास डोंगल म्हणतात ते, विकत घेतले. ते शाळेत जोडताच कविता वाजू लागली. मूळचे कार्ड निकामी असल्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता, असे मला वाटले. परंतु हा पुरावा फसवा होता. ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम जुने कार्ड धरून बसला होता; नवे कार्ड मोकळे होते, म्हणून ब्राउझर त्यावरून बोलू लागला, इतकेच. पुढे एकदा ते डोंगल शेजारच्या वर्गात गेले होते आणि मायक्रोफोनची तार तुटल्यामुळे त्या दिवशी मुद्रणही करावयाचे नव्हते. मी सहज जुन्याच कार्डाला स्पीकर जोडला, तो आवाज सुरू! तेव्हा कोठे डोक्यात प्रकाश पडला.

आता यामागील कारण पाहू. संगणकास ध्वनी म्हणजे आकड्यांची माळ. सीडीच्या पद्धतीत एका सेकंदास ४४,१०० आकडे असतात. चित्रफितींत बहुधा ४८,०००. सोळा बिटांच्या पद्धतीत प्रत्येक आकडा उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंतच असू शकतो. साउंड कार्ड ही माळ एकेक आकडा घेऊन विजेच्या कमी-अधिक दाबात बदलते आणि त्या दाबाने स्पीकरचा पडदा हलतो. साध्या कार्डास एका वेळी अशी एकच माळ घेता येते. आडावर रहाट एकच असला आणि एकीने दोर धरला, म्हणजे दुसरीने घागर घेऊन उभे राहावे, तसाच हा प्रकार आहे.

पूर्वी बहुतेक संगणकांची स्थिती अशीच होती. विंडोज ९५ च्या काळात एक प्रोग्रॅम वाजत असताना दुसऱ्याने आवाज करू पाहिला की, उपकरण वापरात असल्याची सूचना अनेकदा येई. लिनक्स या प्रणालीत फिनलंडच्या हानू सावोलाइनेन यांनी १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत साउंड कार्डांसाठी जी व्यवस्था लिहिली, तीतही सामान्यतः जो प्रोग्रॅम कार्ड प्रथम उघडी तोच त्याचा धनी होई. काही महाग कार्डांत अनेक माळा एकत्र करण्याची सोय त्यांच्या चिपमध्येच होती. १९९८ साली आलेले साउंड ब्लास्टर लाइव्ह हे त्यांपैकी प्रसिद्ध. पुढे साउंड कार्ड वेगळे न राहता मदरबोर्डावरच बसविलेले येऊ लागले. ते स्वस्त झाले खरे, पण ही सोय त्यात राहिली नाही. आज आपल्या शाळांतील बहुतेक संगणकांत असेच कार्ड आहे. म्हणून एकत्र करण्याचे काम प्रोग्रॅमांनी अंगावर घेतले.

हे एकत्र करणे म्हणजे चक्क बेरीज होय! एका क्षणी कवितेचा आकडा १२,००० आणि दुसऱ्या प्रोग्रॅमचा ९,००० असेल, तर कार्डास २१,००० हा एकच आकडा दिला जातो आणि आपल्या कानास दोन्ही आवाज ऐकू येतात. हवेतही दोन आवाजांचे असेच होते. म्हणून वर्गात चाळीस मुले एकदम बोलली तरी आपला कान एकच असून चालतो. मात्र २५,००० आणि २०,००० यांची बेरीज ४५,००० होते, ती मर्यादेबाहेर जाते, आणि तेथे आकडा छाटला जाऊन आवाज फाटल्यासारखा येतो. दोन प्रोग्रॅम एकत्र चालविताना आवाज फाटत असेल, तर स्पीकरला दोष देण्यापूर्वी दोन्ही प्रोग्रॅमांचा आवाज थोडा उतरवून पाहावा. बेरजेपूर्वी आणखी एक काम असते. एक माळ ४४,१०० ची व दुसरी ४८,००० ची असल्यास त्या एकाच गतीस आणाव्या लागतात. तसे न केल्यास ४४,१०० ची माळ सुमारे ९ टक्के जलद वाजेल व गुरुजींचा आवाज बालकासारखा भासेल.

ही बेरीज करणारा मध्यस्थ लिनक्समध्ये कालपरत्वे बदलत गेला आहे. यारोस्लाव किसेला यांनी १९९८ मध्ये आरंभिलेली 'अल्सा' ही व्यवस्था पुढे लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट झाली आणि तीत 'डीमिक्स' नावाची बेरजेची सोय आली. नंतर लेनार्ट पोटरिंग यांचा 'पल्सऑडिओ' आला. २००७ मध्ये फेडोरा प्रणालीने तो स्वीकारला. अलीकडे विम टायमान्स यांचा 'पाइपवायर' त्याची जागा घेत असून फेडोराने तो २०२१ मध्ये घेतला. विंडोजमध्ये २००७ च्या व्हिस्टापासून बेरजेची सध्याची रचना रूढ झाली. नावे लक्षात राहिली नाहीत तरी बिघडत नाही. ध्यानात ठेवावयाचे ते एवढेच की, सर्व प्रोग्रॅमांनी आपली माळ मध्यस्थाकडे द्यावयाची आणि कार्डाला फक्त मध्यस्थाने हात लावावयाचा.

मग आमच्या शाळेत काय झाले? मुद्रणात विलंब होऊ नये म्हणून मी त्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये मध्यस्थाऐवजी थेट कार्डाचेच नाव निवडले होते. शिवाय मुद्रण होताना आपला आवाज स्पीकरवरही यावा, अशी खूण केलेली होती आणि आवाजाची पातळी दाखविणारी पट्टी सतत चालू होती. त्यामुळे मुद्रण चालू नसतानाही कार्ड त्या प्रोग्रॅमच्या मुठीतच राही. मध्यस्थाचा स्वभाव असा की, काही सेकंद कोणीच वाजवीत नसेल तर तो कार्ड सोडून देतो. सकाळच्या त्या रिकाम्या क्षणी माझा प्रोग्रॅम कार्ड पकडी आणि मध्यस्थ बाहेर राही. दोष सर्वस्वी माझ्या निवडीचा होता.

यावरून पहिली परीक्षा सुचते आणि तिला काही खर्च नाही. संगणक नव्याने चालू करावा, दुसरे काहीही न उघडता केवळ एक गाणे लावावे. वाजले तर कार्ड जिवंत आहे. मग रोजचे प्रोग्रॅम एकेक करून उघडावेत व प्रत्येकानंतर गाणे पुन्हा लावावे. आवाज ज्यानंतर गेला तो प्रोग्रॅम संशयित. त्यानंतर क्रम उलटा करून पाहावा. गाणे वाजत असतानाच तो प्रोग्रॅम उघडला आणि आता त्यानेच उपकरण गुंतले असल्याची तक्रार केली, तर शंकेला जागा उरत नाही. जळलेले कार्ड क्रम पाहून वागत नाही.

लिनक्स असल्यास आवाजाच्या सेटिंगमध्ये कार्डाच्या नावाऐवजी 'डमी आउटपुट' असे दिसते का पाहावे. मध्यस्थाला कार्ड मिळालेले नाही, असा त्याचा अर्थ. धरणाऱ्याचे नावच हवे असेल तर टर्मिनलमध्ये 'फ्यूजर' ही आज्ञा ध्वनीच्या उपकरणांचा पत्ता देऊन चालवावी. ती कार्ड वापरणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी देते. त्या यादीत पल्सऑडिओ, पाइपवायर वा वायरप्लंबर ही नावे असतील तर चिंता नको, ती मध्यस्थाचीच होत. चौथे नाव दिसले की ते पाहावे. उपाय असा की, त्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये उपकरण म्हणून 'डिफॉल्ट' किंवा 'पल्स' निवडावे. आमच्याकडे एवढ्यानेच काम भागले. विलंब थोडा वाढला, पण उच्चाराच्या पाठास तो जाणवतही नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून जुन्या संगणकांवर लिनक्स घालण्याचा विचार अनेक ठिकाणी होतो. सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' प्रणालीही त्याच कुळातली. तेव्हा ही माहिती हाताशी असावी.

विंडोज असल्यास आवाजाच्या चिन्हावरून साउंडचा जुना चौकोन उघडावा (विंडोज ११ मध्ये तो 'मोअर साउंड सेटिंग्ज' खाली आहे), स्पीकर निवडून 'प्रॉपर्टीज' व त्यातील 'अॅडव्हान्स्ड' येथे जावे. तेथे 'एक्स्क्लूसिव्ह मोड' खाली दोन खुणा असतात. पहिलीचा अर्थ असा की, एखाद्या प्रोग्रॅमास हे उपकरण एकट्यासाठी घेण्यास आपली परवानगी आहे. ती खूण काढली की परवानगी संपली. त्याच चौकोनात 'कम्युनिकेशन्स' नावाचे पान आहे व ते फारच थोडे लोक उघडतात. ऑनलाइन प्रशिक्षणाची बैठक चालू असता दुसऱ्या प्रोग्रॅममधील कविता एकदम पुटपुटल्यासारखी होते, त्याचे कारण बहुधा येथेच सापडते: संभाषण सुरू झाले की इतर आवाज ८० टक्के कमी करावेत, ही निवड तेथे मुळातच केलेली असते. 'डू नथिंग' निवडले म्हणजे कविता पूर्ववत होते.

एक निराळाच प्रकार याच सोंगात येतो. प्रोजेक्टर किंवा टीव्ही एचडीएमआय वायरने जोडला की संगणक कित्येकदा आवाज तिकडे पाठवू लागतो, आणि ज्यास स्पीकर नाही असा प्रोजेक्टर तो मुकाट्याने गिळतो. येथे कार्ड कोणी धरलेले नसते. केवळ उपकरण बदलून निवडावयाचे असते.

इतके करूनही नव्याने चालू केलेल्या संगणकात आवाज नाही, पेनड्राइव्हवरून चालविलेल्या दुसऱ्या प्रणालीतही नाही आणि उपकरणांच्या यादीत कार्डाचे नावच नाही, असे आढळले तर मात्र बिघाड खरा मानावा व नवी पेठेची वाट धरावी. जाताना शाळेचाच स्पीकर व मायक्रोफोन बरोबर घ्यावा आणि एका कागदावर रोज कोणते प्रोग्रॅम कोणत्या क्रमाने उघडले जातात ते लिहून न्यावे. असा कागद माझ्याजवळ असता, तर पहिल्याच खेपेस कारागिराने तो प्रोग्रॅम उघडून पाहिला असता. ते डोंगल आता तिसरीच्या वर्गात आहे. तेथील संगणकाचे कार्ड या सर्व परीक्षांनंतर खरोखरच निकामी ठरले.