दुकानाचा फेरफार

सातबाऱ्याचा उतारा हाती घेतला म्हणजे जमीन आज कोणाच्या नावावर आहे, तिच्यात कोणते पीक उभे आहे आणि तिच्यावर कोणत्या सोसायटीचा बोजा चढला आहे, हे एका नजरेत कळते. परंतु ती त्या नावावर आली कशी, वाटणीने की खरेदीने, वारसाने की कोर्टाच्या हुकमाने, असा प्रश्न निघाला म्हणजे नावाशेजारी वर्तुळात लिहिलेला अंक पाहून तलाठ्याच्या दफ्तरातला गाव नमुना ६, म्हणजे फेरफारांची नोंदवही, उघडावी लागते. सातबारा स्थिती सांगतो; त्या स्थितीचा इतिहास फेरफार सांगतो. जमिनीच्या वादात फेरफार पाहिल्यावाचून कोणावर दोष ठेवू नये, हे शहाणपण आपल्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे. इंटरनेटवर दुकान थाटणाऱ्या आजच्या व्यापाऱ्याला नेमके तेच शहाणपण नव्याने शिकावे लागत आहे.

अशा दुकानाचे जे पान गिऱ्हाइकाला दिसते तो त्याचा सातबारा होय. वस्तूंच्या किमती, शिल्लक माल, कराचे दर, पोच करण्याचा खर्च, पैसे भरण्याचे मार्ग, या साऱ्यांची आजची स्थिती तेथे दिसते. काल काय होते आणि ते कोणी बदलले, याचा मागमूस तेथे नसतो. तो असतो ‘अ‍ॅक्टिव्हिटी लॉग’ नावाच्या नोंदवहीत. शॉपिफायसारख्या व्यवस्थेत ती आयती मिळते. २०११ मध्ये निघालेल्या आणि वर्डप्रेसच्या आधाराने चालणाऱ्या वूकॉमर्समध्ये प्रत्येक ऑर्डरखाली तिच्यापुरत्या नोंदी आपोआप पडतात, पण सबंध दुकानाची रोजनिशी हवी असेल तर त्यासाठी वेगळे प्लगइन बसवावे लागते. कोणी, केव्हा, कशात आणि काय बदल केला, एवढ्या चार गोष्टी त्या वहीची प्रत्येक ओळ सांगते.

या चार गोष्टींचे मोल मला एका घटस्थापनेच्या सकाळी कळले. पुण्यात राहणारी माझी मावसबहीण उपवासाची भाजणी, साजूक तूप, चिवडा आणि शेंगदाण्याचे लाडू वूकॉमर्सवरच्या अशाच एका दुकानातून विकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तूप आणि पाकीटबंद चिवडा यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, आणि योगायोगाने घटस्थापनाही त्याच दिवशी होती. आदल्या रविवारी संध्याकाळी तिच्या हाताखाली काम करणाऱ्या, शेजारच्याच बिऱ्हाडातल्या कॉलेजकुमाराने सर्व मालाचे कराचे खाने बदलले आणि तो घरी गेला. सोमवारी सकाळी पाहावे तो वस्तू दिसत होत्या, पिशवीत पडत होत्या, पण पैसे भरण्याच्या पानावर पाऊल टाकताच पडदा कोरा होत होता. नवरात्राचा ऐन हंगाम असताना दुकानाचा गल्लाच जणू बंद पडला होता.

संशय कोणावर गेला असेल, हे सांगायला नकोच. शेवटचा हात त्या मुलाचा होता, आणि तोही कराच्या हिशेबाला लागला होता. ‘‘काकू, मी फक्त कराचे खाने बदलले, पैशांच्या पानाला हातही लावला नाही,’’ असे तो फोनवर पुनःपुन्हा सांगत होता. बहिणीने वूकॉमर्सच्या ‘स्टेटस’ या भागातील दोषांची नोंद उघडली, आणि तिथला दस्तऐवजही त्याच्याच विरुद्ध साक्ष देऊ लागला. मुलाने शेवटचा बदल जतन केला होता २० वाजून ३० मिनिटांनी. पहिला दोष नोंदला गेला होता त्याच तारखेस २० वाजून ४७ मिनिटांनी. मध्ये अवघी सतरा मिनिटे. आता आणखी पुरावा तो काय हवा?

परंतु दोषाच्या त्या ओळीत वेळेच्या पाठोपाठ +००:०० अशी एक बारीक खूण होती. मुलाच्या कामाची नोंद दुकानाच्या, म्हणजे भारतीय वेळेत होती. दोषाची नोंद मात्र यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत होती, आणि आपले घड्याळ तिच्या साडेपाच तास पुढे चालते. हा फरक मिळवताच रविवारचे २०:४७ हे सोमवारच्या पहाटेचे २ वाजून १७ मिनिटे झाले. मग रोजनिशीत त्या वेळेच्या मागे नजर टाकली, तेव्हा २ वाजून १४ मिनिटांची एक ओळ सापडली. तिच्यात कोणाचेही नाव नव्हते. पोच करण्याच्या खर्चाचा हिशेब करणारे प्लगइन आपोआप अपडेट झाले, एवढेच तेथे लिहिले होते. त्यानंतर तीनच मिनिटांनी न्यू जर्सीतल्या एका गिऱ्हाइकाने, तिकडे रविवारची दुपार कलत असताना, नाशिकच्या आपल्या आईवडिलांसाठी भाजणी मागवू पाहिली, आणि त्या कोऱ्या पडद्याशी पहिली गाठ त्याच गिऱ्हाइकाची पडली. मुलगा तेव्हा घरी गाढ झोपेत होता.

येथे घाई करण्याचा मोह आवरला पाहिजे. नोंदवही क्रम सांगते, कारण सांगत नाही. एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणून पहिलीमुळेच दुसरी घडली, असे समजणे हा ज्या तर्काने मुलाला दोषी ठरवले होते त्याच तर्काचा पुन्हा आश्रय करणे होय. म्हणून दुकानाची एक प्रतिकृती वेगळ्या जागी उभी केली, तीत मुलाने केलेले बदल जसेच्या तसे राहू दिले आणि फक्त त्या प्लगइनची जुनी आवृत्ती बसवली. पैशांचे पान उघडले. नवी आवृत्ती बसवली, पान कोरे झाले. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली, तेव्हाच संशयाचे रूपांतर ज्ञानात झाले. मग खऱ्या दुकानात जुनी आवृत्ती घातली आणि दुपारच्या आत ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्या.

जुन्या हिशेबनिसांना ही रीत अपरिचित वाटली नसती. रोजकीर्दीत व्यवहार तारखेच्या क्रमाने पडत आणि खतावणीत ते ज्याच्या त्याच्या खात्याखाली जात. तफावत निघाली म्हणजे दोन्ही वह्या शेजारी ठेवून ताळा पाहिला जाई. दुकानाची रोजनिशी ही रोजकीर्द आणि ऑर्डरीखालच्या नोंदी ही खतावणी समजून, सर्व वेळा एकाच घड्याळात आणून घ्याव्या. दुकान शेवटचे धड चाललेले केव्हा दिसले आणि पहिल्यांदा बिघडलेले केव्हा दिसले, हे दोन क्षण मुक्रर करावे. आणि त्या दोहोंमधल्याच ओळी वाचाव्या. शोधाचे क्षेत्र याने इतके आकसते की महिन्याभराच्या शेकडो नोंदींतून पाहण्याजोग्या चारपाचच उरतात.

यासाठी काही तजवीज मात्र आधीपासून करून ठेवावी लागते. प्रत्येक माणसाला त्याचे स्वतंत्र खाते द्यावे. सारे घर एकाच पासवर्डाने कामे करू लागले की वहीत एकाच नावाची रांग लागते आणि निरपराध माणसाला आपली बाजू मांडायला आधारच राहत नाही. नोंदी किती दिवस टिकतात तेही पाहावे, कारण पुष्कळ ठिकाणी जुन्या ओळी ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जातात. हिशेबाच्या बाबतीत तर आपल्या कायद्यानेही हे तत्त्व स्वीकारले आहे: १ एप्रिल २०२३ पासून, संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक फेरबदलाची नोंद ठेवणारे आणि ती नोंद बंद करता न येणारे सॉफ्टवेअरच वापरावे, असे बंधन आहे.

नोंदवही म्हणजे गुन्हेगार पकडण्याचे साधन, अशी पुष्कळांची समजूत असते, आणि म्हणून हाताखालच्या माणसांना तिची धास्तीही वाटते. माझ्या मते तिचे पहिले काम याच्या उलट आहे. ‘कोणी केले’ असे विचारण्यापूर्वी ‘काय बदलले’ असे विचारण्याची सवय ती आपल्याला लावते, आणि ज्याच्याजवळ स्वतःच्या शब्दाखेरीज दुसरा साक्षीदार नसतो त्याच्या बाजूने ती उभी राहते. त्या संध्याकाळी मुलगा कामावर आला तेव्हा बहिणीने त्याला आधी २ वाजून १४ मिनिटांची ती ओळ दाखवली, त्याची क्षमा मागितली, आणि मग घटाला दाखवलेल्या नैवेद्यातला लाडू त्याच्या हातावर ठेवला.