इंटरफेरॉन : थोडक्यात

● म्हणजे काय? विषाणू शिरलेल्या पेशी काही प्रथिने सोडून शेजारच्या पेशींना सावध करतात. तीच इंटरफेरॉन. शोध १९५७, लंडन. ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन.

● प्रकार : अल्फा, बीटा, गॅमा. यकृताचे विषाणूजन्य आजार आणि मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग यांसाठी अल्फा. बीटा मल्टिपल स्क्लेरॉसिससाठी. एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

● निर्मिती : आधी रक्तदात्यांच्या पांढऱ्या पेशींतून, तेही जेमतेम. १९८०च्या दशकापासून मानवी जनुक जिवाणूंत बसवून.

● अमेरिकेतील मान्यता : हेअरी सेल ल्युकेमिया १९८६, हिपॅटायटिस सी १९९१, हिपॅटायटिस बी १९९२, शस्त्रक्रियेनंतरचा मेलॅनोमा १९९५.

● साधे की पेग? साधे इंजेक्शन सहसा आठवड्यातून तीनदा. पॉलिइथिलीन ग्लायकॉल जोडलेले ‘पेगइंटरफेरॉन’ रक्तात जास्त काळ टिकते, म्हणून आठवड्यातून एकदाच.

● आज कुठे? हिपॅटायटिस सी : पूर्वी रिबाव्हिरिनसोबत २४ ते ४८ आठवडे. २०१३मध्ये सोफोसबुविर आले. आता बहुतेकांना ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरतात आणि ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे होतात. हिपॅटायटिस बी : निवडक रुग्णांना पेग, साधारण ४८ आठवडे. हिपॅटायटिस डी : वापर चालू. मेलॅनोमा : २०११नंतर इपिलिमुमॅब, पुढे पेम्ब्रोलिझुमॅब यांसारख्या औषधांनी जागा घेतली.

● दुष्परिणाम : फ्लूसारखा ताप, अंगदुखी, थकवा, पांढऱ्या पेशी घटणे, थायरॉइडचे बिघाड आणि नैराश्य. पूर्वी नैराश्य आले असल्यास उपचारापूर्वीच डॉक्टरांना सांगावे.