आईचं बोलणं आधी ऐका

पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर सोडलं की नारायणगावच्या आधी कळंब लागतं. तालुका आंबेगाव, पण बाजार, नातीगोती आणि यात्रा जुन्नरशी तितक्याच बांधलेल्या. या पट्ट्यात दोन-अडीच वर्षांचं मूल बोलत नसलं, तर घरात ठरलेली वाक्यं निघतात. ‘याचा बापही उशिराच बोलला.’ ‘जीभ जड आहे, वेखंड उगाळून लावा.’ कान वाहत असला तर लसणीचं कोमट तेल. मूल ऐकत नसेल, अशी शंका सर्वांत शेवटी येते. त्याला कारणही आहे. मागे भांडं पडलं की ते वळून बघतं, मग बहिरं कसं?

वाचा-श्रवणशास्त्राच्या वर्गात शिकवायला सुरुवात होते ती याच भांड्यापासून. ऐकू येतं की नाही, एवढाच प्रश्न नसतो. कोणत्या उंचीचा आवाज किती मोठा झाला की ऐकू येतो, हे बघावं लागतं. मोठ्या आवाजाने वळणाऱ्या मुलाला ‘स’, ‘श’, ‘त्स’ यांसारखे बारीक, उंच कंपनांचे ध्वनी मुळीच पोचत नसतील, तरी घरच्यांना ते कळत नाही.

हे शास्त्र भारतात विद्यापीठीय शिक्षण म्हणून रुजलं ते 1960च्या दशकात. मुंबईत नायर रुग्णालय आणि टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालय, दक्षिणेत म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था. 9 ऑगस्ट 1983 रोजी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था निघाली. ते महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि 1976 साली त्याच पदावर असताना वारले. पुण्यात भारती विद्यापीठात हा अभ्यासक्रम आहे. पदवीला चार वर्षं, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं. 1992च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आली. पुढे पदव्युत्तर पदवी, पीएच.डी. आणि नोकरी मिळाली तर अध्यापन. कागदावर ही कारकीर्द इतर प्राध्यापकांसारखीच दिसते. पण इथल्या शिक्षकाची सकाळ बाह्यरुग्ण विभागात जाते, आणि शोधनिबंधाचं सामान त्याच बाकावर आईच्या मांडीत बसलेलं असतं.

मात्र हे शास्त्र आलं इंग्रजीतून. दुसऱ्या महायुद्धात ऐकण्याची शक्ती गमावलेल्या अमेरिकन सैनिकांना पुन्हा ऐकायला-बोलायला शिकवताना रेमंड कारहार्ट यांच्यासारख्यांनी त्याला आकार दिला. हार्वर्डच्या प्रयोगशाळेत शब्दयाद्या बनल्या, सेंट लुईसच्या संस्थेने 1952 साली आपली यादी दिली. तिच्यात बेसबॉल, हॉटडॉग, काउबॉय असे शब्द आहेत. दोन्ही अक्षरांवर सारखाच आघात असलेले शब्द मुद्दाम निवडलेले, म्हणजे किती मोठ्या आवाजाला शब्द कळायला लागला ते नेमकं मोजता येतं. मराठीत आघाताचा तसा खेळच नाही. शिवाय मंचरच्या बाजारातल्या आजोबांच्या कानात हेडफोनमधून ‘हॉटडॉग’ सोडला, तर न कळण्याचा दोष कुणाच्या माथी मारायचा, कानाच्या की यादीच्या? म्हणून मराठीसाठी याद्या नव्याने बांधाव्या लागतात: रोजच्या वापरातले शब्द, मराठीत ध्वनी जितक्या वेळा येतात साधारण त्याच प्रमाणात, एकाच माणसाच्या स्वच्छ आवाजात ध्वनिमुद्रित केलेले. ऐकायला हे कारकुनी काम वाटतं. माझ्या मते या शास्त्रातलं सर्वांत मोलाचं संशोधन तेच आहे, आणि त्याला टाळ्या सर्वांत कमी मिळतात.

यासाठी भाषाशास्त्रज्ञांचा हात धरावा लागतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अशोक केळकरांनी मराठीच्या ध्वनिव्यवस्थेचा बारकाईने अभ्यास केला, ना. गो. कालेलकरांच्या ‘ध्वनिविचार’ने मराठी वाचकाला ध्वनींकडे बघायला शिकवलं. लिपी एकच ‘च’ दाखवते, पण ‘चार’मधला आणि ‘चाक’मधला च कानाला वेगळा. ‘जग’ आणि ‘जगणं’ यांतला ज तसाच. ‘माल’ आणि ‘माळ’, ‘काल’ आणि ‘काळ’ हे शब्द तर एका ध्वनीनेच वेगळे होतात. गावाच्या नावातच ‘ळ’ असलेल्या कळंबला ते समजावून सांगायची गरज नाही.

व्याकरणाचंही तेच. इंग्रजीत अनेकवचन पुष्कळदा शेवटच्या ‘स’वर तगून असतं. उंच आवाज न ऐकणाऱ्या मुलाचं तिथलं व्याकरण कोसळतं, पाठ्यपुस्तक त्याचीच काळजी वाहतं. मराठीत ‘आला, आली, आलं’ हा भेद स्वरांवर आहे, आणि स्वर तुलनेने ठसठशीत ऐकू येतात. म्हणजे सारख्याच मापाची श्रवणन्यूनता असलेली दोन मुलं, एक इंग्रजी घरातलं, एक मराठी, वेगळ्या ठिकाणी अडखळणार. हे सेंट लुईसच्या पुस्तकात सापडणार नाही. मराठी ऐकणाऱ्या शिक्षकानेच ते शोधायचं.

तपासणीची साधनं आता फार पुढे गेली आहेत. निरोगी अंतर्कर्ण स्वतःच अतिशय मंद ध्वनी बाहेर टाकतो, हे लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी 1978 साली दाखवलं. त्यावर आधारलेलं यंत्र झोपलेल्या नवजात बाळाच्या कानाला लावून चाळणी तपासणी करता येते. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपाय, असा जगभर मानला जाणारा क्रम आहे. 2011च्या जनगणनेत देशात 50 लाखांहून अधिक लोकांची नोंद श्रवणाच्या अपंगत्वाखाली झाली. कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे शस्त्रक्रियेने अंतर्कर्णात बसवायच्या यंत्राला, केंद्राच्या योजनेतून लहान मुलांसाठी मदत मिळते. पण शस्त्रक्रियेने फक्त दार उघडतं. मेंदूला ऐकायची सवय लावायला पुढे वर्षानुवर्षं शिकवणी लागते, आणि ती आईच्या भाषेतच करावी लागते. आठवड्यातून एकदा एस.टी. धरून पुणे गाठणाऱ्या आईचा बुडालेला रोज कोणत्याही योजनेच्या हिशेबात नसतो.

नात्यातल्या लग्नांचा विषय इथे टाळता येत नाही. मामाच्या मुलीशी लग्न मराठी मुलखात बऱ्याच घरांत चालतं. इरावती कर्व्यांनी 1953च्या आपल्या ग्रंथात आप्तसंबंधांची ही जाळी मांडली. जन्मजात बहिरेपणाशी जोडलेल्या एका जनुकातला बदल दोन्ही बाजूंनी आला, आणि नात्यातल्या लग्नात ती शक्यता वाढते, की मूल कर्णबधिर जन्मतं, आणि आईबाप दोघेही उत्तम ऐकणारे असू शकतात. घरच्यांना म्हणूनच ते पटत नाही. ग्रहणात पोटुशी बाहेर गेली होती, हे मात्र पटतं.

आवाजाच्या अभ्यासालाही हा मुलूख समृद्ध आहे. शेजारचं नारायणगाव ही तमाशाची पंढरी, विठाबाई नारायणगावकरांचं गाव. रात्रभर मैदानात गाणाऱ्या, दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी पुन्हा उभ्या राहणाऱ्या गळ्याचं काय होतं? स्वरतंतूंवर गाठी येतात, आवाज घोगरा होतो. गायकांच्या आवाजावर जगात भरपूर लिहिलं गेलं. त्यात पुष्कळ गळे ऑपेराचे. फडातल्या गळ्यावर कुणी विद्यार्थ्याने प्रबंध करायला घेतला, तर त्याला सामान शोधत फिरावं लागणार नाही.

आणि परत उच्चारांकडे. कळंबचं पाच वर्षांचं मूल चित्र बघून ‘पानी’ म्हणतं, ‘कोन’ म्हणतं. प्रमाण मराठीच्या यादीवर तपासणाऱ्या नवख्या विद्यार्थिनीने ‘ण’समोर फुली मारली, तर मूल वाचादोषाच्या रकान्यात जाईल. घरी मात्र आजीही ‘पानी’च म्हणते. पश्चिमेला भीमाशंकरच्या बाजूला महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत उच्चारांची घडण आणखी निराळी. आश्रमशाळेत गुरुजी एक बोलतात, मूल दुसरं. म्हणून उच्चार-चाचणीचा कागद काढण्याआधी आईशी पाच मिनिटं गप्पा मारायच्या: पाऊस, पेरणी, टोमॅटोचा भाव, काहीही. तिच्या बोलण्यात ‘ण’ येतो का, ‘ळ’ कसा येतो, ते टिपून घ्यायचं, आणि मग त्या मापाने मुलाकडे वळायचं.